चिंचेत घासलेली नाणी

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. पाण्याचा टँकर उशिरा आला. दूध नासले, त्याचे पनीर केले. चकलीची भाजणी दळून आणली. मागच्या कुंपणापाशी शोषखड्डा खणताना यमुनाबाईच्या कुदळीला मडके लागले. आत जुनी नाणी. दुपारभर खाली गर्दी. गुडघा बरा आहे.

डायरीत मी एवढेच लिहिले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲग्नेस सांगत, जे घडले ते लिहा, तुम्हाला काय वाटले ते देवाला ठाऊक असते. लहानपणापासून मी ती शिस्त पाळत आले. माझे यजमान गेले त्या दिवशीसुद्धा मी डॉक्टर किती वाजता आले आणि कोण कोण भेटायला आले एवढेच लिहिले होते. पण या दिवाळीत जे पाहिले त्याची किळस तशा ओळींत मावेना, म्हणून हे सुट्या कागदांवर लिहिते आहे.

यमुनाबाई ज्ञानदेव इंगोले ही मूळची वाशीम जिल्ह्यातली, कारंज्याकडची. खराडीतल्या आमच्या सुखांगण सोसायटीत तिचा नवरा ज्ञानदेव वॉचमन होता, आणि ती जिने झाडायची, कचरा न्यायची, बाग राखायची. दोघे फाटकालगतच्या खोलीत राहत. पूर्वी तिथे विजेचे मीटर होते. मीटर हलवल्यावर ती जागा यांना दिली आणि त्या बदल्यात पगार कमी ठेवला. ज्ञानदेव बोलायचा कमी. त्याच्या वाटणीचे तीच बोलायची.

ही इमारत बांधली जात होती तेव्हाही ती इथेच होती. वाघोलीच्या मजूर अड्ड्यावरून ठेकेदाराने तिला बिगारी म्हणून आणले होते. "सातव्या मजल्याचा स्लॅब म्या वाहिला बाई, डोक्यावर," ती मला सांगायची. "थे पृथ्वीराज साहेब जिथं झोपते ना, थो. म्हणून त पडत नाई."

दात मिश्रीने काळे, आवाज तीन मजले ऐकू जाईल असा. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज कुत्र्याला जिन्यात बसवून निघून जात. त्यांना ती तोंडावर 'गूवाले साहेब' म्हणायची. गृहस्थांनी तक्रार केली. समितीने तिला समज दिली. कुत्र्याला आणि गृहस्थांना कोणी समज दिली नाही.

तिची एक रीत होती. झाडताना कोणाची वस्तू सापडली की ती कोणाच्या हातात द्यायची नाही आणि घरातही न्यायची नाही. फाटकाच्या गजाला चिंधीने बांधून ठेवायची. किल्ली, लहान मुलाचा मोजा, पेनड्राइव्ह, एकदा कवळीसुद्धा. ज्याची असेल त्याने सोडून न्यावी. "हातात देल्ली का लोक म्हणते, अजून काय सापडलं होतं? गजाले बांधली का गोष्ट मिटली." एकदा सातव्या मजल्यावरच्या तनुजाची सोन्याची कुडी तिने अशीच बांधली. तनुजा म्हणजे आमचे अध्यक्ष पृथ्वीराज यांची पत्नी. ती फाटकापाशी येऊन ओरडली, "मावशी, गोल्ड आहे ते! कोणीही नेलं असतं!"

"नेलं असतं त तुमच्यातल्यानंच नेलं असतं मॅडम," यमुनाबाई झाडू न थांबवता म्हणाली. "आमी त बांधून ठेवलं."

हे वाक्य तनुजा विसरली नसावी.

त्या मंगळवारी खड्ड्यातून हाक आली ती माझ्या नावाने. तळमजल्यावर मी एकटी राहते आणि दुपारी झोपत नाही, हे तिला ठाऊक. मी गेले तेव्हा ती खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसली होती आणि पदर मातीवर पसरला होता. तिने पदर जरासा उचलून दाखवला. फुटक्या मडक्यात हिरव्या गंजाचे गोळे, एकमेकांना चिकटलेली नाणी. मध्येच काही काळी, जरा मोठी.

"बाई, हे काय बांधू गजाले?" ती म्हणाली. "हे कोनाचं म्हणून बांधू?"

माझे यजमान महसूल खात्यात होते. असे काही सापडले की कलेक्टर कचेरीला कळवायचे असते, हे मी त्यांच्याकडून ऐकले होते. तसे मी तिथेच सांगितले. तोवर लोक जमले होते. पृथ्वीराज घरूनच काम करत होते, ते अर्ध्या चड्डीत कानात यंत्र घालून खाली आले. एका बाजूला कंपनीच्या मीटिंगशी बोलत, दुसऱ्या बाजूला आमच्याशी.

"काकू, रिलॅक्स. कळवू ना. दिवाळी होऊ दे. आत्ता ऑफिसमध्ये कोण भेटणार आहे? तोवर माझ्याकडे सेफ राहील." मग यंत्रात, "यस यस, आय ॲम हिअर."

सगळ्यांनी फोटो काढले. फोटो चांगले येईनात, कारण नाणी घाण होती. तेव्हा तनुजा म्हणाली, "मावशी, दिवाळीची भांडी घासायला काढलीच आहेत ना तुम्ही माझी? ही पण टाका चिंचेत. लक्ष्मीपुढे अशी काळी ठेवणार का?"

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला जुने नाणे घासून ठेवतात. कोणत्याही घरातल्या बाईने हेच केले असते, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मी म्हणाले, "कोणी जाणकार बघेपर्यंत राहू दे." माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. यमुनाबाईने बादलीत चिंच कोळली, गोळे भिजत घातले आणि संध्याकाळपर्यंत राख आणि पितांबरीने एकेक नाणे घासले. मडक्याच्या खापऱ्या राडारोड्यात गेल्या. तळाचा तुकडा तेवढा तिने फाटकापाशी पडून असणाऱ्या कुत्रीला पाणी ठेवायला घेतला. तांब्याची नाणी नव्या पातेल्यासारखी लखलखली. काळी होती ती पांढरी निघाली, चांदी. तिने बादली सातव्या मजल्यावर नेऊन तनुजाच्या ओट्यावर ठेवली आणि खाली आली.

दुसऱ्या दिवशी तनुजाने हळदीकुंकू ठेवले. संक्रांत नाही, चैत्र नाही, पण वाण होते. जरीच्या बटव्यात तांब्याचे एकेक नाणे घालून तिने सोसायटीतल्या बायकांना वाटले. वर चिठ्ठी: 'सुखांगणची लक्ष्मी'. मी बटवा घेतला नाही. "काकूंचं नेहमीचंच," असे माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात, नीरजा म्हणाली. नीरजा म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरची, निवृत्त प्राध्यापिका.

त्याच संध्याकाळी मी यजमानांच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्यांनी पुढे कळवले. वसुबारसेला तलाठी आला आणि त्याच्याबरोबर पुरातत्त्व विभागाची एक मुलगी, पूर्वा. पाठीवर सॅक, पायांत धुळीचे बूट. ती आधी खड्ड्यापाशी गेली, मग क्लबहाउसमध्ये टेबलावर पांढरा कागद पसरून बसली. बटवे एकेक करून येऊ लागले.

पहिले नाणे तिने हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि तसेच खाली ठेवले. दुसरेही.

"कशानं धुतली?"

"चिंच आणि पितांबरी," तनुजा हौसेने म्हणाली. "किती छान निघाली बघा ना!"

"बहमनी काळातली असावीत," पूर्वा म्हणाली. "पाच-सहाशे वर्षांपूर्वीची. यावर फारसी अक्षरं असतात. राजाचं नाव, कधी कधी वर्षही." तिने अंगठा नाण्यावरून फिरवला. "होती. आता नुसती चकती आहे. गोळा तसाच असता तर कुठलं नाणं कुठल्याला चिकटलंय त्यावरून सुद्धा काही कळलं असतं."

"पण मेटल तर तेच आहे ना?" पृथ्वीराज म्हणाले.

पूर्वा मोजपट्टी ठेवून फोटो काढत राहिली. तिच्या कामात मला एक प्रकारची माया दिसली, मेलेल्या माणसाचे कपडे घडी घालून ठेवावेत तशी.

बटवे तरी सगळे प्रामाणिक आले होते का? एकातून पंचम जॉर्जचा पैसा निघाला. एकातून भोकाचा पैसा, जो मी लहानपणी खेळात वापरला आहे. पूर्वाने ते बाजूला सरकवले. "ही त्या मडक्यातली नाहीत." दोन्ही बटवे ज्यांच्या घरचे ते गृहस्थ, पाचव्या मजल्यावरचेच, भिंतीवरच्या नियमावलीकडे बघत राहिले. मग खिशातून दोन्ही खरी नाणी काढून त्यांनी टेबलावर टाकली, भिकाऱ्याला टाकावीत तशी.

"आणि चांदीची?" पूर्वाने विचारले. "फोटोत काळी दिसताहेत ती. ती चांदीची असणार."

पृथ्वीराज म्हणाले, "धुताना कमी झाली असतील. आम्ही तर हातही लावला नाही. धुतली कोणी?"

बायकांच्या माना दाराकडे वळल्या. यमुनाबाई दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती.

"म्या धुतली," ती म्हणाली. "अन् बादली तनुजा मॅडमच्या ओट्यावर ठेवली. पांढरी वरच होती."

"मला नाही आठवत पांढरी," तनुजा म्हणाली.

मी म्हणाले, "तिने मला संध्याकाळी सांगितले होते, चांदी निघाली म्हणून."

"सांगितलं असेल, काकू," पृथ्वीराज गोड आवाजात म्हणाले. "सांगणं म्हणजे प्रूफ नाही ना."

धनत्रयोदशीच्या सकाळी समितीतल्या तीन बायका यमुनाबाईच्या खोलीत शिरल्या. पोलिसांना बोलावण्यापेक्षा आपसात बघितलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते उपकार केल्यासारखे म्हणत होत्या. पुढे तनुजा, मागे नीरजा. मी काठी टेकत पोचले तेव्हा ट्रंक उघडी होती, गोधड्या उलगडलेल्या, आणि तनुजा हातातल्या बांगड्या मागे सारून चिवड्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होती. यमुनाबाईची मुलगी अपेक्षा अकोल्याला नर्सिंग शिकते. ती दिवाळीला येणार म्हणून तो चिवडा केला होता. तनुजाच्या नखांत हळद आणि डाळे अडकले होते. तिने ते दारातल्या पायपुसण्यावर झटकले.

यमुनाबाई भिंतीला टेकून उभी होती. "पाहा पाहा, शेंगदाणे बी मोजून घ्या. काल सव्वा पाव होते," ती म्हणाली. "अन् नीरजा मॅडम, थो झाडू हाय ना, त्याची काडी काडी सोडवा. चोर लय बिलंदर असते."

"बोलू नका हो उगीच," नीरजा म्हणाली. "आमच्यासाठीही हा प्रसंग सुखाचा नाही."

"मंग काहून आल्या? घरी बसून करंज्या करायच्या."

काही सापडले नाही. काही सापडले नाही हेच संशयास्पद आहे, असे पाचव्या मजल्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले आणि त्यावर अंगठे उमटले. दुपारी पृथ्वीराज खाली येऊन ज्ञानदेवला म्हणाले, "पर्सनल घेऊ नका. पण रेसिडेंट्स कम्फर्टेबल नाहीत. भाऊबीज झाली की दुसरीकडे बघा. खोली लागेल आम्हाला."

ज्ञानदेवने मान डोलावली. पृथ्वीराज वर गेल्यावर यमुनाबाई माझ्या पायरीवर येऊन बसली. प्रथमच ती हळू आवाजात बोलली. "खोलीचं काही नाही, बाई. खोली कुठंबी भेटते. पण चोर म्हणून गेली त अपेक्षाले कोन ठेवन कामाले? दवाखान्यात पयले हेच इचारते, आईबाप काय करते."

सोमवारी नरकचतुर्दशी. तनुजाने पहिल्या अंघोळीनंतर फराळाला बोलावले. मी जाणार नव्हते. पण ती स्वतः दोनदा खाली आली. "काकू, राग सोडा. घरात नवीन देव आलाय. दर्शनाला तरी या."

देवघर संगमरवरी, त्यात निळा दिवा. मधोमध चांदीचा नवा टाक, घोड्यावरचा खंडोबा आणि मागे म्हाळसा. लग्नकार्य, नवे घर अशा वेळी सोनाराकडून असा पत्र्यावर ठोकलेला कुलदैवताचा टाक करून घेतात, त्यात नवल नाही. बायका वाकून नमस्कार करत होत्या. करंज्यांचे तूप सगळ्यांच्या बोटांना लागले होते.

"आमचा जुना टाक सासरी मोठ्या दिरांकडे," तनुजा सांगत होती. "किती वर्षं मनात होतं. आणि बघा ना, देवानं स्वतःच आपल्या जागेतून चांदी दिली! ओळखीच्या सोनारानं दोन दिवसांत करून दिला. आटवताना तोसुद्धा म्हणाला, एवढी जुनी, शुद्ध चांदी हल्ली बघायलाच मिळत नाही."

मी आजूबाजूला पाहिले. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. त्यांना हे आधीच ठाऊक होते. शनिवारी त्या खोलीत गोधड्या झटकत होत्या तेव्हाही ठाऊक होते.

"मग यमुनाबाईचा डबा का उपसला?" मी विचारले.

तनुजा खरोखर गोंधळली. "काकू, ते वेगळं. ती चांदी देवाची झाली ना. ती कशी मोजायची?"

"पूर्वाला का नाही सांगितले?"

"ती काय, टाक उचलून नेईल! प्रतिष्ठा केलीय. देव घराबाहेर काढतात का कोणी?"

"आणि यमुनाबाईला घराबाहेर काढतात?"

"तिला बघून देऊ कुठेतरी," नीरजा मध्ये पडली. करंजी चावत चावतच म्हणाली, "मी माझ्या बहिणीकडे सांगितलंय. आज सणाचा दिवस आहे हो, काकू. चकली घ्या, खुसखुशीत झालीय."

माझ्या ताटलीतली करंजी मी तशीच ठेवली. लिफ्टमध्ये तुपाचा वास माझ्या हाताला येत होता. घरी येऊन मी साबणाने दोनदा हात धुतले.

यमुनाबाईला मी सगळे सांगितले. ती आधी हसली. "देव केला? चोरून देव केला? वा व माय." मी म्हणाले, पूर्वाला फोन केला आहे, ती सुट्टी संपली की येईल, मी लेखी देईन. यमुनाबाई म्हणाली, "तुमी द्या. पण तवरिक मी भाईर असन. अन् भाईर गेलेल्या चोराचं कोन ऐकते? मले त्याइच्याच तोंडून पायजे."

मंगळवारी दुपारी ती बसने मंडईत गेली आणि बेलाची पाने आणि हळदीची पुडी घेऊन आली.

त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला सातव्या मजल्यावर मोठी तयारी होती. लॅपटॉपची पूजा, झाडूची पूजा, अर्धी सोसायटी आरतीला. पूर्वाने नेलेल्या नाण्यांच्या जागी चॉकलेटची सोनेरी नाणी मांडली होती. मी यमुनाबाईला माझ्याबरोबर लिफ्टने वर नेले. तिने धुतलेले लुगडे नेसले होते. हातात स्टीलची ताटली, त्यात बेल आणि हळद. तिला पाहून तनुजा दारातच आडवी आली. "मावशी, आत्ता नको. पाहुणे आहेत."

"खंडोबाच्या दर्शनाले कोन कोनाले नाई म्हनते?" असे म्हणून ती आत गेली. तिला हात धरून थांबवायला कोणीच धजले नाही. सगळे नवे कपडे घालून होते.

तिने ताटली टाकापुढे ठेवली.

बेलभंडार उचलणे म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत असेल असे नाही. खंडोबाच्या पुढचा बेल आणि हळद उचलून घेतलेली शपथ. खोटी घेतली तर घर टिकत नाही, असे मानतात. यमुनाबाईच्या गावाकडे भांडणे अशीच मिटतात, असे ती मला वाटेत सांगत होती.

"देवा," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे तीन मजले ऐकू गेले. "मडकं म्या काढलं, नाणी म्या घासली. त्यातलं एक बी म्या घरी नेलं असन त माझं वाटोळं कर." तिने बेल आणि हळद उचलून कपाळाला लावली आणि परत ताटलीत ठेवली. मग ती वळली. "मॅडम, आता तुमी उचला. म्हना, पांढरी नाणी यमुनानं नेली."

तनुजाने नवऱ्याकडे पाहिले. पृथ्वीराज हसत होते. झोपेतून उठवलेला माणूस हसतो तसे. "अरे यार, काय ड्रामा आहे हा. ठीक आहे, मीच उचलतो. काय होतंय?" त्यांनी हात पुढे केला. त्यांना खरेच काही वाटत नव्हते. खोटे बोलण्याआधी माणसाचा चेहरा थोडा तरी बदलतो. यांचा बदललाच नाही.

"अहो, नको!" तनुजा किंचाळली आणि तिने त्यांचे मनगट दोन्ही हातांनी पकडले. "नको! माझी मुलं आहेत घरात! हात लावू नका!"

ताटली कलंडली. हळद संगमरवरावर पसरली.

मला वाटले, आता तरी कोणी काही बोलेल. सगळ्यांना कळले होते. ज्यांना आधी माहीत नव्हते त्यांनाही कळले. पाचव्या मजल्याने फोनमध्ये डोके घातले. आणि नीरजाच्या यजमानांनी घसा खाकरून, भसाड्या आवाजात, आरती सुरू केली. लगेच सगळे टाळ्या वाजवू लागले. सुटल्यासारखे, जोरजोरात, डोळे मिटून. मी तेवढ्या बेसूर टाळ्या कधी ऐकल्या नाहीत.

यमुनाबाई शेवटपर्यंत उभी राहिली. आरतीवरून हात फिरवून तिने डोळ्यांना लावला, सांडलेली हळद पदराने गोळा केली आणि जिन्याने खाली गेली. एरवी लिफ्ट तिच्यासाठी कधी नव्हतीच.

शुक्रवारी पूर्वा आली. मी माझा जबाब लिहून दिला. माझा कागद पाहून नीरजाने घाईघाईने तिचा दिला, त्यात 'मला पहिल्यापासूनच खटकत होते' असे होते. मग पृथ्वीराजनी 'स्वेच्छेने' टाक आणून टेबलावर ठेवला. पूर्वाने तो तोलला, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. पिशवीत घालण्याआधी तिने बूट काढून बाजूला ठेवले. मी पाहते आहे हे कळल्यावर म्हणाली, "आमच्या घरी देव्हारा नाही, काकू. पण कोणीतरी हात जोडलेत ना याच्यापुढे." नोंदीत तिने लिहिले, चांदीची नाणी, संख्या अज्ञात, आटवलेली. तिच्या कामाला आता त्याचा उपयोग शून्य होता. कुत्रीला पाणी ठेवलेला मडक्याचा तळ पाहून मात्र तिचा चेहरा उजळला. तो तेवढा कोणी घासला नव्हता.

मग नाव कोणाचे लिहायचे, हा प्रश्न आला.

"सुखांगण सोसायटी, थ्रू चेअरमन," पृथ्वीराज म्हणाले.

"ज्याच्या हाताला लागलं त्याचं लिहितो आम्ही."

"पण ती तर खणायला लावलेली. उद्या जेसीबीला सापडलं असतं तर जेसीबीचं नाव लिहिणार होता?"

"नाही," पूर्वा म्हणाली. "जेसीबी चालवणाऱ्याचं." आणि तिने यमुनाबाईला पूर्ण नाव विचारून घेतले.

संध्याकाळी ग्रुपवर आले: 'गैरसमज दूर झाला आहे. यमुनाबाईंनी कामावर राहावे. समिती.' खाली जोडलेले हात. माफीचा शब्द कोणी काढला नाही. तनुजाने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात उरलेला फराळ भरून वॉचमनच्या खुर्चीवर ठेवला आणि वर निघून गेली.

यमुनाबाईने तो डबा चिंधीने फाटकाच्या गजाला बांधला. ज्याचा असेल त्याने सोडून न्यावा. सगळे त्याच्या बाजूने गाड्या काढत होते आणि कोणी सोडत नव्हते. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग गजावरून खाली उतरली, मग करंज्यांना बुरशी आली, झाकणाच्या फटीतून तेल गळून फाटकाखाली डाग पडला. पाचव्या मजल्याने ग्रुपवर स्वच्छतेचा प्रश्न उपस्थित केला.

मी तिला म्हणाले, "आता तर राहा म्हणताहेत."

"राहून काय करू, बाई? त्याइचा कचरा मले दिसते आता. पयले नुसता वास येत होता." वाघोलीच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात दोघांना काम मिळाले होते. जाताना ती मला वाकून नमस्कार करायला लागली. मी तिचे हात धरले. "कागदावर नाव लागलं ना माझं, बाई?" तिने विचारले. लागले आहे, मी पाहिले आहे, असे मी सांगितले. "अपेक्षाले फोटो पाठवजा त्याचा," ती म्हणाली. टेम्पोत ट्रंक, गोधड्या, चिवड्याचा डबा. ज्ञानदेवने फाटक स्वतः उघडले, टेम्पो बाहेर गेल्यावर स्वतः लावले आणि मग चालत जाऊन टेम्पोत बसला.

खोलीची किल्ली गजाला बांधलेली होती, डब्याच्या शेजारी.

त्या संध्याकाळी डायरी उघडली. शनिवार, १ नोव्हेंबर. पूर्वाकडून आलेला फोटो अपेक्षाला पाठवला. आज कचरा न्यायला कोणी आले नाही. बादली आत घेतली, वर झाकण ठेवले.